पिठातला उजवा हात

चादरीबाहेर फक्त उजवा हात होता. डोकं, डोळे, गाल, हनुवटी सगळं पट्ट्यांत गुंडाळलेलं. नाकापाशी एक फट आणि तोंडापाशी एक फट, एवढंच उघडं. नर्सबाई म्हणाली, "लवकर बघा आणि सांगा. तुमचा नसेल तर पुढच्या खाटेवर चला."

मी हात बघितला. अंगठ्याशेजारचं बोट आखूड होतं. करंगळीशेजारचं बोट त्याला मागे टाकून चांगलं वर गेलेलं होतं.

मी खाटेचा लोखंडी दांडा धरला आणि म्हटलं, "हाच. माझा नवरा."

"नक्की?"

"बोटं त्याचीच आहेत."

नर्सबाईने खाटेच्या पाटीवरचा 'अनोळखी' शब्द खोडला आणि मी सांगितलेलं नाव तिथे लिहिलं. छाती वरखाली होत होती, म्हणजे माणूस जिवंत होता. मी स्टुलावर बसले आणि तो हात दोन्ही हातांत धरला.

बायकोला नवरा बोटांवरून ओळखावा लागतो का, असं कुणी विचारेल. मला लागला. लग्नाला सात महिने झाले होते. डिलाईल रोडच्या चाळीतल्या एका खोलीत आठ माणसं, आम्ही तिघं आणि खानावळीत जेवणारे गावचे पाच जण. नवरा गिरणीच्या साचेखात्यात, कापडाच्या मागावर, पाळी बदलती. तो घरी असायचा तेव्हा मी मोरीत नाहीतर चुलीपाशी, डोक्यावर पदर. उजेडात त्याच्याकडे टक लावून बघायची सोयच नव्हती आणि रीतही नव्हती. त्याचा उजवा हात मात्र मी नीट बघितला होता, कारण सासूने तो मला पिठात दाबून दाखवला होता.

सासू बोटं बघायची. रेषा नाही, बोटं. वीस वर्षं गिरणीच्या वायंडिंग खात्यात होती. तिथे तुटलेल्या सुताला गाठी मारणाऱ्या बायकांची बोटं बघून बघून ही विद्या आली असं ती सांगायची. परातीत तांदळाचं पीठ पसरायची, हाताने सारखं करायची आणि पंजा दाबायला लावायची. पुरुषाचा उजवा, बाईचा डावा. मग ठशात कुठल्या बोटाचं टोक कुठे गेलं ते बघायची. दुसऱ्या हाताकडे ती ढुंकून बघत नसे. "दुसऱ्या हातार काय नसता," म्हणायची.

अंगठ्याशेजारचं बोट लांब असेल तर माणूस घर धरून राहणारा, सोसणारा, पण पोटाचा दुबळा. करंगळीशेजारचं लांब असेल तर तापट, धीट, गर्दीत पुढे घुसणारा, आणि त्याचं मरण छातीत. दोन्ही बोटं सारखी असली की शांत स्वभाव आणि लांब आयुष्य. चाळीतल्या बायका बाळंतपणानंतर पोरं घेऊन तिच्याकडे यायच्या. पोराची मूठ उघडून तिने मान हलवली की त्या हसत परत जायच्या. ती गप्प राहिली की त्यांचं दूध आटायचं.

परवा माझी नात मोबाईल घेऊन आली. परदेशातले शास्त्रज्ञही बोटं मोजतात म्हणाली. आईच्या पोटात असतानाच बोटांची लांबी ठरते, त्यावरून स्वभाव आणि दुखणी यांचा अंदाज करतात, पण खात्री कुणीच देत नाही. तर्जनी आणि अनामिका ही नावं मला तिनेच सांगितली. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला बोट ते बोट. मी तिला म्हटलं, मोजायचं तर दोन्ही हात मोज.

माझं लग्न बोटांनीच ठरलं. सासू मुलगी बघायला आमच्या गावी आली तेव्हा आईने पोहे केले होते. सासूने पोह्यांकडे बघितलं नाही, आधी परात मागितली. माझ्याआधी चार मुली तिने परातीवरूनच नाकारल्या होत्या. माझा डावा हात दाबला. माझं अंगठ्याशेजारचं बोट लांब निघालं. ती उठली आणि आईला म्हणाली, "ही चलात." आई खूष झाली. मला तेव्हाच भीती वाटली. एवढ्याशा गोष्टीवर कोण सून घेतं?

कशासाठी घेतलं ते लग्नानंतर तिसऱ्या दिवशी कळलं. तिने मुलाला परातीत हात दाबायला लावला. तो हसत होता. तो कामावर गेल्यावर तिने मला ठशापाशी बसवलं.

"हेची बोटां बघलंस? बापाचीच. बापूस असोच पुढे पुढे करायचो. चाळीस सरली नाय तेच्या आधी छाती फुटान गेलो. हो घरात रवाचो नाय. तू तेका धरून ठेव. तेच्यासाठीच तुका आणलंय."

सासऱ्याने कापूस पिंजायच्या खात्यात उभा जन्म काढला होता. कापसाची धूळ त्याच्या छातीत बसली असणार. पण तेव्हा हे कोण बोलणार? मी अठरा वर्षांची होते. रोज भाकरीचं पीठ मळताना मला त्यात तो ठसा दिसायचा. नवरा खोकला की माझा हात थांबायचा. त्याला काही झालं तर दोष माझा, कारण माझं बोट त्यासाठीच बघून आणलेलं होतं.

त्यात ते दिवस आले. मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे, हे सोडून चाळीत दुसरं बोलणं नव्हतं. नवरा गॅलरीत उभा राहून बोलायचा आणि त्याचा आवाज वाढला की सासू माझ्याकडे बघायची. समोरच्या खोलीत घाटावरचा एक जण राहायचा, नवऱ्याच्याच साच्यांवरचा. लग्न व्हायचं होतं. मला वहिनी म्हणायचा आणि सासूची टर उडवायचा.

"काकी, परत एकदा सांगा की. किती जगणार मी?"

त्याची दोन्ही बोटं अगदी सारखी होती. सासू खुशीत सांगायची, "तुका मरण नाय रे मेल्या. शंभर."

"मग शंभराव्या वर्षी तुम्हाला नऊवारी घेतो. हिंदमातावरनं. रंग आत्ताच सांगून ठेवा."

मोर्च्याचा दिवस उजाडला. नवऱ्याचे बाहेर घालायचे शर्ट दोन. एक मी भल्या पहाटे भिजत टाकला आणि दुसरा तांदळाच्या डब्यात खाली दडपला. सासूने ते बघितलं आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं. तिची संमती होती.

"माझा शर्ट कुठाय?"

"धुवायला टाकलाय."

"दोन्ही?"

"दोन्ही."

समोरचा दारात उभा होता. तो हसला. "वहिनी, शर्ट लपवला म्हणून माणूस राहतो होय? ये रे, माझा घाल."

लाजेने मी मोरीत तोंड घालून बसले. दोघं जिना उतरून गेले तरी वळून बघितलं नाही. त्याने कुठल्या रंगाचा शर्ट घातला तेही मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं मी शर्ट लपवते आहे. मी त्याची ओळखच लपवून ठेवली होती.

दुपारी गोळीबार झाला. मग संचारबंदी. रस्त्यावरून गाड्या जायच्या आणि चाळीतल्या सगळ्या खिडक्या एकदम बंद व्हायच्या. दोघांपैकी कुणीच परतलं नाही. कुणी सांगायचं पकडले, कुणी सांगायचं पडले. दुसऱ्या दिवशी सासूने परात काढली, पीठ पसरलं, सारखं केलं आणि नुसती बघत बसली. दाबायला हात नव्हता. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त एकदा म्हणाली, "तुका धरूक सांगितलंय मी."

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन तास संचारबंदी उठली. सासूला गुडघ्यांमुळे चालवत नव्हतं. मी एकटी परळच्या इस्पितळात गेले. 'अनोळखी' पाट्या असलेल्या खाटा दाखवा म्हटलं. तिसऱ्या खाटेवर तो हात होता.

अंगावरचे कपडे कसे होते, विचारलं मी. आया म्हणाली, रक्ताने भरलेले होते, कापून टाकून दिले. विचारून तरी काय उपयोग होता? चाळीतला एक माणूस तिथेच आपल्या भावाला बघायला आला होता. त्याच्याबरोबर मी सासूला निरोप धाडला, सापडला, जिवंत आहे. नंतर कळलं की तिने लगेच देवापुढे नारळ फोडला.

मी बसून राहिले. पदराचं टोक भिजवून त्याचे ओठ ओले केले. मग हात पुसायला घेतला. तळव्यावर काळं साचलं होतं. पुसता पुसता माझं बोट त्याच्या तळव्यावरून फिरलं आणि थांबलं.

तळव्यात आडवे घट्टे होते. बोटांच्या मुळाशी एका ओळीत, दोरासारखे उंच. साच्यावर काम करणाऱ्याला असले घट्टे पडत नाहीत. त्याच्या बोटांची टोकं सुताने कापलेली असतात, तेलाचा वास मुरलेला असतो. हा हात जाड दोर ओढणाऱ्याचा होता.

मी पुन्हा बोटं बघितली. आखूड, लांब. बोटं तीच होती. मग तळवा? मी तळवा खाली वळवला आणि चादरीवर ठेवला. पुन्हा उलटा केला नाही.

लोक भेटायच्या वेळेला एक कोळीण वॉर्डच्या दारात आली. घट्ट काष्टा, पायात काही नाही, डोळे सुजलेले. एकेका खाटेकडे बघत आमच्या खाटेपर्यंत आली आणि उभी राहिली. तिला काय दिसलं? पट्ट्या, चादर आणि हाताला चिकटून बसलेली मी. नर्सबाई लांबूनच ओरडली, "त्याची बायको बसलीय तिथे. तुम्ही पुढच्या वॉर्डात बघा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खाली मान घातली. तेव्हा मला शंका आलेली होती. आलेली होती हे मी आजवर कुणालाही सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. हा हात सोडला तर मग माझा नवरा कुठे? बाकीच्या 'अनोळखी' पाट्या तर एव्हाना खोडल्या गेल्या होत्या. या हाताला ऊब होती. तो कुणाचाही असो, मी धरून ठेवला. सासूने मला धरून ठेवायलाच आणलं होतं.

कोळीण गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बोलला. पट्टीच्या फटीतून आवाज आला, जड, झोपेतल्यासारखा.

"पानी दे गो."

मी चमच्याने पाणी घातलं. त्याने ते गिळलं आणि विचारलं, "होरी बांदली काय?"

आमच्या घरात सात पिढ्यांत कुणाची होडी नव्हती. मी चमचा खाली ठेवला. मी नर्सबाईला काहीच सांगितलं नाही. संचारबंदी उठायची वेळ झाली तशी बाहेर पडले आणि सगळ्यात जवळच्या, वरळीच्या कोळीवाड्याकडे चालत सुटले. पळावंसं वाटत होतं, पण पळणाऱ्याला पोलीस अडवत होते.

कोळीवाड्यात होड्या वर ओढलेल्या. काठ्यांवर बोंबील सुकत घातलेले, त्यांच्यामधून जेमतेम एका माणसाची वाट. दारादारात बायका बसलेल्या. मी विचारलं, "इथे कुणाचा माणूस हरवलाय?" एक म्हातारी म्हणाली, "तुला कशाला पायजे? पोलिसांची काय तू?"

"परळच्या इस्पितळात एक माणूस आहे. होरी बांदली काय, असं विचारतोय."

आतून ती बाहेर आली. कालचीच.

"तू ती," ती म्हणाली. "खाटेवर बसलेली."

"हो."

"माज्या दादल्याच्या खाटेवर."

"मला वाटलं माझा नवरा आहे."

"वाटलं? तोंड झाकलेला, नि वाटलं? बगितलंस काय त्याचा?"

"बोटं."

"बोटं?" ती माझ्या अंगावरच आली. "बोटं बगून नवरा घेतलास? आमी मासा पन कल्ला उघडल्याबिगर घेत नाय!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. ती मला मारणार असं वाटलं. मारलं असतं तरी मी हात वर केला नसता. पण ती चालायला लागली, मी तिच्या मागे. वाटेत मी तिला सासूची विद्या सांगितली. असं बोट असलेला माणूस धीट असतो, पुढे घुसतो, म्हणून मला पटलं की हाच. ती न थांबता म्हणाली, "धीट? माजा दादला पालीला भितो. मोर्चात नाय गेला तो. जाल्याला सूत आनायला गेलेला, गर्दीत सापडला."

खाटेपाशी येऊन तिने हाताकडे बघितलंही नाही. चादर वर करून त्याचा डावा गुडघा बघितला. तिथे जुन्या जखमेची खूण होती. मग ती त्याच्या उशाशी वाकली आणि शिव्या द्यायला लागली. "सूत आनतो सांगून गेलास मेल्या. कुटं हाय सूत?" त्याची ती लांब आणि आखूड बोटं चादरीवर हलायला लागली, तिचा हात शोधायला.

नर्सबाईने पाटीवरचं नाव पुन्हा खोडलं. मला म्हणाली, "खेळ वाटला का तुम्हाला? आता खाली जाऊन बघा." खाली म्हणजे कुठे ते तिच्या तोंडाकडे बघून कळलं.

खाली एका ओळीत माणसं झाकून ठेवली होती. तिथला माणूस चादर पायाकडून उचलायला लागला. मी म्हटलं, "तोंड दाखवा. हात नको." पहिला नव्हता. दुसरा नव्हता. चौथा समोरच्या खोलीतला होता.

अंगात गंजीफ्रॉक होता. छातीपाशी बघवत नव्हतं. चादर उचलताना त्याचा हात बाहेर घसरला आणि मी न मागता तो मला दिसला. दोन्ही बोटं सारखी. शंभर वर्षं.

पुढच्या सगळ्या चादरी बघितल्या. नवरा त्यांत नव्हता. इतर ठिकाणीही माणसं नेली होती, त्या माणसाने सांगितलं.

घरी येऊन सासूला म्हटलं, "आये, तो आपला नव्हता." समोरच्याचंही सांगितलं. ती भिंतीला टेकली. देवापुढे फोडलेल्या नारळाचं खोबरं ताटलीत तसंच होतं. आम्ही दोघींनी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी चूल पेटवली नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की दोघींची मान एकदम वळायची, आणि पाऊल पुढे गेलं की आम्ही एकमेकींकडे बघायचं टाळायचो. मी हातावरची काकणं मोजत राहायचे.

त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी नवरा आला. गोळीबाराच्या आधीच लाठी खाऊन पकडला गेला होता, इतके दिवस लॉकअपमध्ये. दाढी वाढलेली, एक कान फाटलेला, अंगात निळ्या रेघांचा शर्ट. दारातच त्याने विचारलं, "तो आला का? त्याचा शर्ट धुऊन द्यायचाय."

त्याने आमच्या तोंडांकडे बघितलं, मग समोरच्या बंद दाराकडे. तो उंबऱ्यावरच बसला.

संध्याकाळी सासूने परात पुढे ओढली. तिला त्याचा हात पुन्हा बघायचा होता. असा कसा वाचला, हे तिला परातीतूनच समजून घ्यायचं होतं. तो उजवा हात पुढे करणार, तेवढ्यात मी म्हटलं, "डावा."

सासू माझ्याकडे बघत राहिली. सात महिन्यांत मी तिच्या परातीच्या कामात पहिल्यांदाच मध्ये बोलले होते. नवऱ्याने डावा दाबला. ठसा उमटला. अंगठ्याशेजारचं आणि करंगळीशेजारचं, दोन्ही बोटं एका रेषेत. तिने उजवा घेतला आणि ते आखूड बोट चाचपलं. त्याचं नख बसकं होतं, टोक चपटं. ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"ह्या काय?"

"लहानपणी दारात चेंगरलं," तो म्हणाला. "गावी. आजीने हळद बांधली. तुला सांगू नको म्हणाली, तू काळजी करशील म्हणून."

सासू तेव्हा मुंबईत गिरणीत होती. पोर गावी आजीजवळ वाढलं. वर्षातून एकदा शिमग्याला ती चार दिवस जायची. तो मोठा होऊन मुंबईला आला तेव्हा तिने परातीत त्याचा हात दाबला, उजवा, आणि त्याचं मरण ठरवून टाकलं. ज्या बोटाला ती इतकी वर्षं भ्यायली, ते दारात चेंगरलेलं होतं.

"माका कोणी सांगूक नाय," ती म्हणाली. पीठ तिने परत डब्यात भरलं नाही. मोरीत ओतलं.

निळ्या रेघांचा शर्ट मी धुतला. साताऱ्याकडून त्याचा भाऊ सामान न्यायला आला, तेव्हा घडी करून त्याच्या हातात दिला.

सासू त्यानंतर नऊ वर्षं जगली. कोळ्याचा एक डोळा गेला, पण तो जगला आणि पुन्हा समुद्रावर गेला. त्याची बायको बाजारात दिसली की मला टोपलीतला मासा कल्ला उघडून दाखवायची. नवरा एकोणऐंशीव्या वर्षी गेला, छातीने नाही, पडून मांडीचं हाड मोडलं त्याने. शर्ट देणारा चोवीस वर्षांचा होता. तो तेवढा वाचला नाही. बाकी आम्ही सगळे वाचलो.